शनिवारनंतरचा रविवार

“माझ्या गतीनं पळणारं कुणी आहे का?”

भर रस्त्यात, भुरभुर पावसात, कुणाकडेच न बघता असं ओरडणाऱ्या माणसाकडे शहाण्या मुलीने दुर्लक्ष करावं. भिंगरीनेही केलं. चार पावलं पुढे गेली, आणि मग हसू आवरेना म्हणून थांबली.

नदीकाठचा तो रस्ता रविवारी सकाळी गाड्यांना बंद असायचा. सायकली, बाबागाड्या, कुत्री, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाइलाजाने चालणारे काका, सगळे तिथे जमायचे. त्या गर्दीत तो दिव्याच्या खांबाला टेकून उभा होता. उंच, किडकिडीत, केसांतून पाणी निथळतंय. हातात वीतभर दोरी, आणि तिच्या दोन्ही टोकांना मनगट अडकवण्यापुरते गोल बांधलेले. डोळे उघडे होते, पण ते कुठे पोचत नव्हते. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की हा माणूस कुणाकडेच का बघत नाहीये, आणि तिला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली.

“तुमची गती काय आहे?” तिने विचारलं.

“कासवापेक्षा बरी. तुमची?”

“मी हळू पळत नाही.”

“मग तुम्ही भरभर चाला, मी पळतो.” त्याने दोरीचं एक टोक आवाजाच्या दिशेने पुढे केलं. “शेजारचे बँकवाले यायचे माझ्याबरोबर. त्यांची बदली झाली. आता ही दोरी आहे, मी आहे… आणि समोर नदी आहे. एकट्यानं पळालो तर पोहायला लागेल.”

तिने दोरी धरली. खरं म्हणजे रविवार हा तिचा सुट्टीचा दिवस होता, पाय मोकळे करायला म्हणून ती आली होती. पण काही माणसं नाही म्हणायची उसंतच देत नाहीत.

वाटाड्याचं काम तिला बिलकूल येत नव्हतं. आपण बघतो ते बोलायचं असतं, आणि पाय पोचायच्या आत बोलायचं असतं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं.

“खड्डा!” ती ओरडली.

“कुठे?”

“तो… आत्ता गेला तो.”

“वा! इतिहास छान सांगता. आता जरा भूगोलही सांगत चला.”

ती इतकी हसली की दोघांची लय चुकली. मग नदीवरच्या पुलापर्यंत ती सांगत राहिली… पायरी, डबकं, उजवीकडे कुत्रा, डावीकडे त्याची मालकीण, दोघं सारखीच गुबगुबीत… आणि तो पळता पळता खो खो हसत राहिला. परतताना पाऊस थांबला होता आणि दोरी ओली होऊन दोघांच्या मनगटांना चिकटली होती.

भिंगरी हे नाव तिला मामाने ठेवलेलं. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून. आता मात्र दिवसभर बसूनच काम होतं. दातांच्या कारखान्यात ती कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात रोवायचा, हिरडीचा रंग जुळवायचा, चावा नीट बसतो की नाही ते बघायचं. हे त्याला सांगितलं तेव्हा तो थबकलाच.

“म्हणजे खोटे दात?”

“हो. तुम्ही काय करता?”

“कोर्टात टायपिस्ट आहे. साक्षीची रेकॉर्डिंग ऐकायची आणि टाइप करायची. लोक शपथ घेऊन खोटं बोलतात, ते मी शुद्ध भाषेत उतरवतो. छान जमेल आपलं. दोघंही खोट्याच्याच धंद्यात!”

“खोटं बोललेलं कळतं तुम्हाला?”

“आवाज एक पायरी वर चढतो. कानाला सवय झालीय.” तो हसला. “सांभाळून राहा माझ्याशी.”

ती राहिली नाही. दुसऱ्या रविवारी गेली, तिसऱ्या रविवारी गेली. अहो-जाहो कधी गळून पडलं ते कुणालाच कळलं नाही. टायपिस्टला आठव्या वर्षी तापात दृष्टी गेल्यापासून फक्त उजेड-अंधार कळायचा. तो आपल्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे राहायचा. त्याला साखरेशिवाय कॉफी आवडायची आणि स्वतःला कुणी ‘बिचारा’ म्हटलेलं बिलकूल आवडायचं नाही. पळून झालं की दोघं पुलाखालच्या बाकावर बसायची. तो दोरी बोटांभोवती गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. भिंगरी त्या बोटांकडे बघत राहायची. तिला वाटायचं, बरंय, याला दिसत नाही आपण कशा बघतोय ते. आणि नेमका तो म्हणायचा, “गप्प का झालीस? काय बघतेयस?”

प्रेमात पडायला याहून जास्त काही लागत नाही. ती पडली.

अडचण होती ती शनिवारची. शनिवारी पहाटे मामाच्या गटाबरोबर तिची लांबची पळ असायची. मामा स्वतः कधीकाळी नावाजलेला धावपटू. आई गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं आणि त्यानेच पळायला शिकवलं. शहरातल्या मॅरेथॉनसाठी तो चौघींचा संघ निवडणार होता. गेल्या वर्षी भिंगरीचं नाव अगदी थोडक्यात हुकलं होतं. भाची म्हणून मामा तसूभर सवलत देणारा नव्हता, उलट इतरांपेक्षा तिलाच जास्त घासायचा. आणि त्याचा एक नियम दगडावरची रेघ होता: एक दिवस लांब पळायचं, तर दुसऱ्या दिवशी बुटांना हात लावायचा नाही.

“लागोपाठ दोन दिवस लांब पळणारे मी पुष्कळ बघितलेत,” तो म्हणायचा. “पाय सहज पोचतात गं. आधी डोकं दमतं, आणि दमलेल्या डोक्याला आपण दमलोय हे कळत नाही. अति तिथं माती.”

आजवर रविवारची पळ छोटी होती, म्हणून काही बिघडत नव्हतं. पण एका रविवारी टायपिस्ट बाकावर बसून म्हणाला, “मला मॅरेथॉन पळायचीय.”

“पूर्ण?”

“पूर्ण. रस्त्यात मला जो तो दंडाला धरून पलीकडे नेतो. कित्येकदा मला पलीकडे जायचंही नसतं! पळताना तेवढं कुणी दंडाला धरत नाही. ते एकदा पोटभर करून बघायचंय.” मग दोरी गुंडाळता गुंडाळता बोटं थांबली. “पण मग रविवारी लांब पळावं लागेल. शनिवारी कोर्ट असतं माझं. तू… येशील?”

शनिवार सोडला तर संघ गेला, आणि या वर्षी गेला तो गेलाच, मागून दोन तरण्याताठ्या मुली धडका देत होत्या. रविवार सोडला तर… तर हा पुन्हा खांबाला टेकून उभा राहणार, आणि दुसरंच कुणीतरी हसत थांबणार. मामाचा शनिवार हलणारा नव्हता. टायपिस्टच्या गतीने पळून संघात जाता येणार नव्हतं. राहता राहिलं एकच: दोन्ही.

“शनिवारी तू पळतेस का?” त्याने विचारलं.

“छे! शनिवारी मी लोळत पडते.”

तो क्षणभर थांबला. नदीवरून वारा आला, तिच्या मानेवरचा घाम गार झाला.

“मग ठीक आहे,” तो म्हणाला.

मामाला तिने रविवारचं काही सांगितलं नाही आणि टायपिस्टला शनिवारचं. सांगितलं तर मामा बंदी घालेल, आणि टायपिस्ट… तो तर आपणहून दोरी काढून घेईल. कुणावर ओझं होणं म्हणजे त्याला मरणच. तेव्हा ताकास तूर लागू द्यायची नाही, असं तिने ठरवलं. दोन डगरींवर पाय ठेवणारा प्रत्येक जण सुरुवातीला असंच समजतो की आपले पाय लांब आहेत.

आणि काही आठवडे खरंच जमलं! शनिवारी ती मामाच्या शिट्टीवर पळायची, दुपारी गार पाण्यात पाय बुडवून बसायची, रविवारी पुन्हा बूट चढवायची. मांड्या दगडासारख्या झालेल्या असायच्या, पण पुलापर्यंत गेलं की सैल पडायच्या. कारखान्यात मात्र हाताखालचं काम बिघडू लागलं. एकदा तिने वरच्या कवळीत खालचे दात बसवले. सगळे हसले, तीही हसली.

“पोरी, डोळे का गं असे?” मामाने एका शनिवारी विचारलं.

“काम वाढलंय मामा.”

“रविवारी झोपतेस ना?”

“घोरते.”

मामाने तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि घड्याळाची कळ दाबली. त्या दिवशी सगळ्यात लांबची पळ होती. तिने ती इतकी सुंदर काढली की मामाने, ज्याला कौतुक करताना दातदुखी झाल्यासारखं व्हायचं त्या मामाने, तिच्या पाठीवर थाप मारली. “घोडामैदान जवळ आलंय,” तो म्हणाला. “उद्या पडून राहा.”

दुसऱ्या दिवशी ती नदीवर हजर होती.

“आज नको जायला,” टायपिस्ट एकदम म्हणाला. “इथंच बसू. कॉफी पिऊ.”

“का? घाबरलास?”

“मी नाही…”

“मग चल! कासवापेक्षा बरा ना तू?”

तो हसला आणि त्याने मनगट पुढे केलं.

पुलाच्या तोंडाशी, गाड्या शिरू नयेत म्हणून लोखंडी खुंट रोवलेले होते, कमरेएवढे. इतके रविवार तिने ते पार केले होते. त्या दिवशीही ते तिला लांबूनच दिसले. खुंट उजवीकडे, मोकळी वाट डावीकडे. डोळ्यांनी नीट बघितलं, डोक्यानेही नीट नोंद घेतली… आणि तोंडातून निघालं, “उजवीकडे घे!”

तो जरासुद्धा कचरला नाही. ती म्हणाली आणि तो वळला, पूर्ण वेगात.

आवाज फार मोठा झाला नाही. दोरी मात्र तिच्या मनगटातून हिसडून निघाली आणि तो खुंटावरून पलीकडे, हातावर पडला. तिला पहिल्यांदा कळलंच नाही की चूक तिची आहे. हा असा कसा वळला, एवढंच डोक्यात आलं. मग स्वतःचा शब्द कानात परत वाजला, आणि ती रस्त्यावर गुडघे टेकून रडायला लागली. मनगटाचा आकार बदललेला तो माणूस, दुसऱ्या हाताने तिचं डोकं शोधत म्हणत होता, “अगं… ए, अगं, काही नाही झालेलं.”

दवाखान्यात ताई आली. हात दोन ठिकाणी मोडला होता, हाडाला धातूच्या पट्ट्या बसवायला शस्त्रक्रिया करायला लागणार होती. भिंगरीने सगळं सांगितलं, शनिवारचंही. ताई ओरडली नाही. तिने भावाचा भिजलेला बूट हातात घेतला, त्याची नाडी सोडवत बसली.

“तुला एवढंच सांगता येत नव्हतं का, की मी दमलेय म्हणून?” ती म्हणाली.



मामाला कळलं तेव्हा त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने संघाची यादी लावली, आणि तिच्यात भिंगरीचं नाव होतं. तिने संघातून नाव काढायला सांगितलं, तर म्हणाला, “तू न पळाल्यानं त्याचा हात जुळणार आहे का?” आणि तिच्यापुढे बूट आणून ठेवले. ती पळाली. चौघींत तिसरी आली. गळ्यात पदक पडलं, फोटो निघाले, आणि ज्याच्यासाठी वर्षभर जिवाचं रान केलं ते असं बेचव निघालं. त्या सबंध रस्त्यावर ती मनातल्या मनात बोलत राहिली होती… पायरी, वळण, डावीकडे पाणी. दोरी नसतानाही.

टायपिस्टच्या हाताचं प्लास्टर निघेपर्यंत ती रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायची. ताईने दार उघडायला कधी खळखळ केली नाही, कधी बसही म्हटलं नाही. भिंगरी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, कॉफी करायची. तो कवळ्यांचे किस्से मागायचा. तो हसायचा तेव्हा तिला वाटायचं, सगळं पूर्वीसारखंच आहे. फक्त एक गोष्ट तिला टोचायची. जिन्यावरून उतरताना ती त्याचा हात धरायची, “पायरी” म्हणायची, आणि तो आधी बुटाच्या टोकाने चाचपून बघायचा.

हात बरा झाला तशी पहिल्याच रविवारी दोघं नदीवर आली. हवा स्वच्छ होती. दोरी तीच, मनगटं तीच.

“डबकं, डावीकडून,” ती म्हणाली.

तो थांबला. अगदी क्षणभर. मग डावीकडून गेला.

“पायरी.”

पुन्हा थांबला.

“सरळ. मोकळं आहे.”

मोकळ्या रस्त्यावरही त्याचं पाऊल हवेत अडखळलं. पुलापर्यंत जाईतो दोघांनाही घाम फुटला होता, आणि तो पळण्याचा नव्हता. खुंट लांब होते तेव्हाच त्याने दोरी ओढली.

“बसू या,” तो म्हणाला.

बाकावर बसल्यावर त्याने दोरी बोटांभोवती गुंडाळायला घेतली. मग तिनेच सुरुवात केली.

“मला तू फार आवडतोस,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. खोटं बोलले ते म्हणूनच. एक रविवार चुकला असता तरी मला… मला सहन नसतं झालं.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“सगळं. तू ‘लोळत पडते’ म्हणालीस ना, तेव्हाच आवाज वर चढला होता. दर रविवारी पहिला मैलभर तुझी पावलं जड पडायची. शनिवारी लांब पळून येतेस हे मला पहिल्या आठवड्यापासून कळत होतं गं.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू आली नसतीस.” त्याने मान खाली घातली. “तुला वाचवायला नव्हतो गप्प. स्वतःच्या हावेपायी होतो. म्हटलं, आणखी एक रविवार. मग आणखी एक. त्या दिवशी तुझा श्वास ऐकून मी भ्यालो, म्हटलं आज नको जायला. तू ‘चल’ म्हणालीस, आणि मी… लगेच तयार झालो. मीही तेवढाच प्रेमात आहे, भिंगरी. म्हणून पडण्यात माझाही अर्धा वाटा.”

किती दिवस ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द आले होते, आणि तिला रडू येत होतं. तिने त्याचा हात हातात घेतला. मनगटावरचा शस्त्रक्रियेचा वण तिच्या बोटांना लागला.

“मग झालं तर! आता शनिवार नाही की खोटं नाही. मी मामाचा गट सोडते. हळूहळू पळू. तू विसरशील.”

“मी तुला माफ केलंय. कधीच केलंय. पण हाताला, पायाला ते पटत नाहीये. तू शब्द उच्चारलास की आत काहीतरी गच्च होतं. मी मुद्दाम नाही करत.”

“मग नको पळायला! मला तुझ्याबरोबर नुसतं चालायलाही चालेल. जन्मभर चालेन.”

“जिन्यातही तेच होतं,” तो अगदी हळू म्हणाला. “तुझ्या लक्षात आलंय. एका हातावर जन्मभर भार टाकायचा, तर तो हात रोज चाचपून नाही बघता येत. तुला रोज कळेल, आणि रोज लागेल. मलाही.” त्याचा आवाज फुटला. “आणि मला पळायचंय गं. माझ्याकडे तेवढंच एक आहे, जे कुणी दंडाला धरून करून देत नाही.”

तिला खूप भांडावंसं वाटलं. तिने तोंडही उघडलं. पण त्याचा हात तिच्या हातात घामाने ओला झालेला होता, आणि सोडवून न घेता तो तसाच ठेवण्यासाठी त्याला किती जोर लावावा लागतोय ते तिला कळत होतं. मग ती भांडली नाही.

टायपिस्टसाठी नवा वाटाड्या मामानेच बघितला. त्याच्या गटात एक निवृत्त पोस्टमन होते, साठी उलटलेले, आयुष्यभर पायी फिरल्याने पाय अजून तारेसारखे, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. भिंगरीने त्यांना आपणहून दोन संध्याकाळी शिकवलं. काय सांगायचं, किती आधी सांगायचं, हसवायचं कधी आणि गप्प कधी राहायचं. “खुंटांपाशी डावीकडे,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती. “डावीकडे. विसरू नका.” पोस्टमन बिचारे दर वेळी मान डोलवत होते.

ज्या रविवारी ते दोघं पहिल्यांदा पळणार होते, त्या रविवारी तिने जायचं नाही असं ठरवलं होतं. अर्थातच गेली. पुलाच्या कठड्याला टेकून, तोंडावर रुमाल घट्ट धरून उभी राहिली. नुसत्या श्वासावरून त्याने ओळखलं असतं.

दोघं लांबून येताना दिसले. पोस्टमनना धाप लागली होती, पण त्यांचा आवाज खणखणीत होता. पहिला मैल सरला होता, त्याचे खांदे सैल पडले होते, चेहरा वर होता. खुंट जवळ आले. अजून जवळ आले. भिंगरीच्या ओठांवर तो शब्द आला, तिने रुमाल दातांत धरला.

“डावीकडे घे!” पोस्टमन ओरडले.

तो वळला. तो जरासुद्धा थांबला नाही.